विश्लेषण : सभासद १३७, यादीत मात्र २०च! सॉफ्टवेअरचे ‘डॉक्स’ वाचायचे कसे?

पुण्याहून वेल्ह्यामार्गे केळद आणि मढे घाटाकडे जाताना पासली लागते. आता राजगड असे नामकरण झालेल्या वेल्हे तालुक्यातला हा धो-धो पावसाचा, भातखाचरांचा टापू. समजा, या गावातल्या भात उत्पादक गटाचे १३७ सभासद आहेत. बियाणे आणि खत एकत्र मागवायचे, म्हणून पुण्यात संगणकशास्त्र शिकणारी गावातलीच एक मुलगी सभासदांची नोंदवही मोबाइलवर आणते. दोन रविवार खर्च करून सगळ्या नोंदी भरते. यादी उघडते तर नावे फक्त २०. बाकीच्या नोंदी उडाल्या असे वाटून ती राहिलेली नावे पुन्हा भरायला घेते. आता काही सभासद दोनदा, आणि मागणीचा हिशेब चुकलेला.

प्रत्यक्षात एकही नोंद हरवलेली नसते. वेगळे काही सांगितले नाही तर एका वेळी २० नोंदीच मिळतील, असे तिने वापरलेल्या फ्रेमवर्कच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेले असते. तिने त्या पानावरचा नमुना कोड उचललेला असतो, त्याच पानावरचे ते वाक्य मात्र वाचलेले नसते. उदाहरण कल्पित आहे, पण २० नोंदींचा नियम खरा आहे.

फ्रेमवर्क, एपीआय, डॉक्स... नेमके काय?

फ्रेमवर्क म्हणजे सॉफ्टवेअरचा तयार सांगाडा. लॉगिन, नोंदींची साठवण, परवानग्या, छापील अहवाल अशी प्रत्येक प्रकल्पात लागणारी कामे त्यात आधीच केलेली असतात. मुंबईत घडलेले ‘फ्रॅपे’ हे असेच एक मुक्तस्रोत फ्रेमवर्क. रुषभ मेहता यांनी कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायासाठी सॉफ्टवेअर लिहायला घेतले, त्यातून ‘ईआरपीनेक्स्ट’ आणि त्याच्या पायाशी असलेले हे फ्रेमवर्क उभे राहिले. आज जगभरातल्या कंपन्या ते वापरतात. पासलीच्या काल्पनिक नोंदवहीमागेही तेच आहे असे धरू.

एपीआय ही या सांगाड्याची खिडकी. तलाठी कार्यालयात कोणी थेट कपाटात हात घालून दप्तर काढत नाही. खिडकीवर गट क्रमांक सांगायचा आणि उतारा घ्यायचा. एपीआयचेही तसेच. ठरलेल्या नावाने, ठरलेली माहिती देऊन हाक मारली की ठरलेल्या स्वरूपात उत्तर मिळते. कोणत्या नावाने हाक मारायची, सोबत काय द्यायचे, उत्तरात काय येईल आणि कधी नकार मिळेल, याची लेखी नोंद म्हणजे डॉक्युमेंटेशन. विकासकांच्या बोलीत ‘डॉक्स’.

पहिल्या पानापासून वाचायचे का?

नाही. डॉक्स कादंबरीसारखे वाचायला घेणारे बहुतेक जण तिसऱ्या पानावर थांबतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. डॅनिएल प्रोचिदा यांच्या ‘डायटॅक्सिस’ या मांडणीत डॉक्सचे चार प्रकार सांगितले आहेत : हात धरून शिकवणारा पाठ, एखादे काम कसे करावे याची कृती, प्रत्येक आज्ञेचा नेमका संदर्भ आणि ‘हे असे का’ याचे विवेचन. ‘जँगो’ या प्रसिद्ध फ्रेमवर्कच्या मुखपृष्ठावर हे चारही कप्पे थेट दिसतात. इतरांकडे नावे वेगळी असतात, माल तोच.

घोळ होतो तो कप्पा चुकल्यामुळे. नवखा माणूस थेट संदर्भ विभागात शिरतो आणि शब्दांच्या जंगलात हरवतो. थोडा सरावलेला माणूस उलट पाठातच अडकून राहतो. फ्रॅपेच्या पाठात ग्रंथालयाचे अॅप बांधायला शिकवले आहे : पुस्तके, सभासद, देवघेव. पासलीच्या नोंदवहीसाठी हा पाठ एकदा हाताने टंकून पूर्ण करणे उत्तम, कारण त्यातून ‘डॉकटाइप’ म्हणजे नोंदीचा साचा ही मूळ कल्पना कळते. मात्र पाठ लिहिणारा अडचणीचे कोपरे मुद्दाम टाळतो. २० नोंदींचा नियम पाठात भेटत नाही, कारण शिकताना कोणी २१वा सभासद भरतच नाही. तो भेटतो ‘रेस्ट एपीआय’च्या संदर्भ पानावर.

‘इतर अधिकार’ वाचल्याशिवाय व्यवहार नको

ग्रामीण महाराष्ट्रात सातबारा वाचणारे डोळे घरोघरी आहेत. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा हा एकत्रित उतारा. त्यावर आपले नाव दिसले की नवखा समाधान मानतो. जाणता माणूस नावावरून नजर खाली नेतो : भोगवटादार वर्ग १ की २, पोटखराबा किती, आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात बँकेचा बोजा आहे का? वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. जमीन तीच, पण व्यवहार करता येईल की नाही ते या बारीक नोंदींवर ठरते.

एपीआयच्या संदर्भ पानावर ठळक नमुना कोड म्हणजे ते नाव. ‘इतर अधिकार’ त्याच्या आजूबाजूला असतात. पायथन भाषेच्या अधिकृत डॉक्समधली यादी क्रमाने लावणारी आज्ञा पाहा. ती अशी लिहिलेली असते : सॉर्टेड(इटरेबल, /, *, की=नन, रिव्हर्स=फॉल्स). या एका ओळीला सिग्नेचर म्हणतात. ज्याच्यापुढे बरोबरचे चिन्ह नाही ते द्यावेच लागते. ज्याच्यापुढे आहे ते ऐच्छिक, आणि चिन्हानंतर लिहिलेली किंमत म्हणजे तुम्ही गप्प राहिलात तर धरली जाणारी, अर्थात ‘डिफॉल्ट’. तिरकी रेघ सांगते की तिच्या आधीची गोष्ट नाव न घेता, जागेनुसार द्या. तारा सांगतो की त्याच्यानंतरच्या गोष्टी नाव घेऊनच द्या. ही दोन चिन्हे छपाईची चूक समजून सोडून देणारे अभियंते कमी नाहीत.

मग पाहायचे ते उत्तर काय मिळते. ‘सॉर्टेड’ क्रमाने लावलेली नवी यादी देते. ‘सॉर्ट’ ही तिची बहीण मूळ यादीच बदलते आणि हातात काहीच देत नाही. दोघींची नावे सारखी म्हणून दुसरीचे उत्तर साठवून ठेवणाऱ्याच्या पदरी ‘नन’ पडते. पुढे तासभर शोध सुरू राहतो, भलतीकडेच.

इंग्रजीची भीती इथे थोडी बाजूला ठेवता येते. डॉक्सचे इंग्रजी साहित्यिक नसते, तेच तेच शब्द फिरून येतात. ‘रिक्वायर्ड’ म्हणजे आवश्यक, ‘ऑप्शनल’ म्हणजे ऐच्छिक, ‘रिटर्न्स’ म्हणजे उत्तरात काय येते, ‘रेझेस’ म्हणजे कोणती चूक उडू शकते, ‘डेप्रिकेटेड’ म्हणजे आज चालते पण लवकरच जाणार. असे १५-२० शब्द पाठ झाले तर मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थीही संदर्भ पान उलगडू शकतो.

तीन बारीक वाक्ये

फ्रॅपेच्या डॉक्समधल्या तीन नोंदी पासलीच्या गटासाठी कळीच्या आहेत. पहिली २० नोंदींची. तिच्याच शेजारी आणखी एक गोष्ट सांगितलेली असते : कोणते रकाने हवेत ते कळवले नाही, तर प्रत्येक नोंदीची फक्त ओळख, म्हणजे तिचे ‘नेम’, परत येते. फोन नंबर आणि क्षेत्र गायब झाले असे वाटण्यामागे हेच कारण असते.

दुसरी नोंद जास्त गंभीर आहे. ‘गेट लिस्ट’ आणि ‘गेट ऑल’ या दोन आज्ञा दिसायला जुळ्या. पहिली लॉगिन केलेल्या माणसाच्या परवानग्या तपासूनच नोंदी देते. दुसरी परवानग्या न तपासता सगळ्या देते. डॉक्समध्ये हा फरक जेमतेम एका वाक्यात आहे. ‘सगळ्या हव्यात ना, मग गेट ऑल’ असा भाबडा विचार करून ती आज्ञा बाहेरून हाक मारता येईल अशा कामात टाकली आणि स्वतःची तपासणी घातली नाही, तर कोणताही सभासद शेजाऱ्याचा बँक खाते क्रमांक पाहू शकेल. पडद्यावर मात्र सगळे सुरळीत दिसेल. चूक संदेश येत नाही, म्हणूनच ही चूक महाग.

तिसरी नोंद दुरुस्तीची. डेटाबेसमधली किंमत थेट बदलणाऱ्या ‘सेट व्हॅल्यू’ या आज्ञेखाली स्पष्ट इशारा आहे की नोंद जतन होताना चालणाऱ्या ‘व्हॅलिडेट’सारख्या तपासण्या इथे चालत नाहीत. क्षेत्र शून्याहून कमी नको, असा नियम तुम्ही लिहिला असेल, तरी या वाटेने उणे दोन एकर बिनबोभाट आत जातील. नोंद उघडून बदलून ‘सेव्ह’ करणे सावकाश, पण नियम पाळणारे.

फेरफार पाहिला का?

उताऱ्यावर फेरफार क्रमांक असतो, तशी डॉक्सना आवृत्ती असते. पानाच्या कोपऱ्यातला आवृत्तीचा आकडा आणि आपल्या यंत्रावरची आवृत्ती जुळते का, हे सर्वांत आधी पाहायचे. जँगोमध्ये पत्ते जोडण्यासाठी पूर्वी ‘यूआरएल’ नावाची आज्ञा होती. ३.१ आवृत्तीत ती ‘डेप्रिकेटेड’ ठरली आणि डिसेंबर २०२१मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत काढून टाकली. जुने व्हिडीओ आणि जुनी पुस्तके तीच शिकवत राहिली. फ्रॅपेमध्येही १५व्या आवृत्तीपासून एपीआयचा ‘व्ही टू’ हा वेगळा पत्ता आला. शोधयंत्र बऱ्याचदा जुन्या आवृत्तीचे पान वर आणून ठेवते. ‘रिलीज नोट्स’ आणि ‘मायग्रेशन’ ही रुक्ष पाने म्हणजे फेरफार रजिस्टर. आवृत्ती बदलण्याच्या आदल्या दिवशी ती वाचलेली बरी.

एआय चॅटबॉटबाबतही हीच सावधगिरी. तो अस्तित्वात नसलेली आज्ञा किंवा काढून टाकलेला पर्याय तितक्याच आत्मविश्वासाने सांगू शकतो. त्याने दिलेले नाव डॉक्सच्या शोधचौकटीत टाकून पाहायला अर्धे मिनिट लागते.

नकाराचे आकडे

४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४०३ म्हणजे ओळख पटली पण परवानगी नाही, ४०४ म्हणजे ती वस्तूच नाही. हे आकडे सगळ्या वेबचे सामाईक. फ्रॅपे मात्र नोंद तपासणीत नापास झाली की ४१७ देते. या आकड्याचा सर्वसाधारण अर्थ शोधला तर ‘एक्स्पेक्ट’ नावाच्या भलत्याच विषयाची माहिती हाती लागते आणि माणूस सर्व्हर तपासत बसतो. इथे फ्रेमवर्कचा स्वतःचा अर्थ महत्त्वाचा. डॉक्स मुके असतील तर मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा फायदा घ्यावा : गिटहबवर मूळ कोड उघडा आहे. फ्रॅपेच्या ‘एक्सेप्शन्स’ या फाइलमध्ये कोणत्या चुकीला कोणता आकडा, हे ओळीने लिहिले आहे.

मोबाइलवर, रेंज नसताना?

मोबाइलवर डॉक्सची डावीकडची अनुक्रमणिका तीन आडव्या रेघांमागे लपते. ती आधी उघडावी, नाहीतर आपण कोणत्या कप्प्यात आहोत तेच कळत नाही. कोडची चौकट बोटाने आडवी सरकवावी लागते, महत्त्वाचा पर्याय अनेकदा उजवीकडे पडद्याबाहेर असतो. ब्राउझरच्या मेनूतला ‘पानात शोधा’ हा पर्याय वापरून ‘डिफॉल्ट’, ‘परमिशन’ आणि ‘नोट’ हे तीन शब्द शोधले, तरी पानातले बरेचसे ‘इतर अधिकार’ सापडतात.

डोंगरात रेंज जाते-येते. ‘डेव्हडॉक्स’ या मोफत संकेतस्थळावर पायथन, जँगो, जावास्क्रिप्ट अशा अनेक डॉक्स एकदा उतरवून घेतल्या की नेटशिवाय वाचता येतात. पायथन बसवलेल्या यंत्रावर ‘हेल्प’ ही आज्ञा दिली की सिग्नेचर आणि माहिती तिथल्या तिथे मिळते, तीही नेमकी बसवलेल्या आवृत्तीची.

मग १३७ नावे कशी मिळवायची?

२० नोंदींच्या वाक्याजवळच उत्तरही आहे. ‘लिमिट पेज लेन्थ’ने एका वेळी किती ते सांगायचे, ‘लिमिट स्टार्ट’ने कुठून सुरू ते. सुरुवात २० दिली की २१वे नाव येते, ४० दिली की ४१वे. सोबत ‘ऑर्डर बाय’ देऊन क्रम मात्र पक्का करावा, नाहीतर मधेच कोणी नोंद बदलली तर क्रम हलतो, एखादे नाव दोनदा येते आणि एखादे निसटते. पासलीच्या यादीसाठी अशा सात हाका लागतील. सातव्या हाकेला २० ऐवजी १७ नावे आली की यादी संपली. त्यानंतर दोनदा भरलेली नावे शोधून काढायची, आणि मग दुकानदाराला बियाण्याचा आकडा कळवायचा.