रोख नाही, तांदूळ तर आहे! मिझोरामच्या बायकांची मूठभर मदत

आयझॉल : हातात रोख पैसा नसेल, तर सामाजिक कामाला हातभार कसा लावायचा? मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या बायकांनी याचं उत्तर स्वयंपाकघरातच शोधलं.

१९१० पासून तिथे 'बुहफाई थाम' ही पद्धत चालू आहे. 'बुहफाई' म्हणजे तांदूळ, 'थाम' म्हणजे मूठ. भात शिजवायला तांदूळ काढला, की आधी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. चर्चच्या महिला घरोघरी फिरून हा तांदूळ गोळा करतात. तो विकून येणारा पैसा चर्चच्या कामाला आणि दूर गावी पाठवलेल्या धर्मप्रचारकांच्या खर्चाला लागतो.

गरीब घर असो की श्रीमंत, मूठ जवळपास सारखीच. त्यामुळे रोख नसलेली बाईही इथे घेणारी नाही, देणारी ठरते.