फायबरची धूळ उंबरठ्याबाहेरच बरी

राई-उत्तनच्या किनारपट्टीला फायबर नवे नाही. होड्यांना त्याचे कवच असते. घरी मोटार बांधणारे हौशी लोकही तेच वापरतात. फायबर म्हणजे राळेत बसवलेले काचेचे तंतू. त्याची फळी कापताना उडणारी बारीक धूळ कपड्यांना चिकटून घरात येते आणि दमा वा जुना खोकला असलेल्या ज्येष्ठांना त्रास देते.

म्हणून हे काम घरापासून दूर, उघड्यावर करावे. ग्राइंडरपेक्षा हातकरवतीने धूळ कमी उडते. आखलेल्या रेषेवर चिकटपट्टी लावून किंचित बाहेरून कापावे व उरलेली कड ओल्या वॉटर पेपरने हातानेच घासावी. विजेच्या यंत्राजवळ पाणी मुळीच नको. एन-९५ मुखपट्टी, बंद चष्मा आणि लांब बाह्या हव्यातच.

खाज सुटल्यास त्वचा चोळू नये. साबण लावून वाहत्या पाण्याने धुवावी. डोळ्यांत कण गेल्यास १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुऊन डॉक्टरांना दाखवावे. कामाचे कपडे न झटकता वेगळे धुवावेत.

आजोबांनाच ही हौस असेल, तर करवत तरुण हातांकडे सोपवावी. मापे घेण्याचा आणि रेषा आखण्याचा मान मात्र त्यांचाच असू द्यावा.