आवाजच उरला नसेल तर रेडिओचा इतिहास अभ्यासायचा कसा?

रेडिओचा इतिहास हा विषय घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "जुनी रेकॉर्डिंग्ज मिळतील का?" सुरुवातीच्या काळापुरतं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच असतं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. तेव्हा कार्यक्रम थेट व्हायचे. बोललेलं हवेत जायचं आणि तिथेच संपायचं. पुढे टेप आली, पण तीही पुसून पुन्हा वापरली जायची.

मग काय करायचं? आवाज गेला तरी त्याच्याभोवतीचे कागद उरतात. काँग्रेस रेडिओचंच बघा. १९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गुप्त केंद्र मुंबईत चालवलं. १२ नोव्हेंबरला पोलिसांचा छापा पडला आणि ते बंद झालं. तरीही त्यावर काय बोललं जात होतं, हे आज बरंचसं कळतं. कारण सरकारी माणसं ते ऐकून लिहून घेत होती. ज्यांना हा आवाज बंद करायचा होता, त्यांच्याच फायलींत तो टिकला!

पण म्हणून त्या फायली डोळे झाकून वापरायच्या नाहीत. लिहिणारा कोण आणि कशासाठी लिहितोय, हे आधी विचारा. सरकारला मजकूर हवा होता. बोलण्यातला चढउतार त्यात येत नाही, आणि ऐकणाऱ्या घरांत काय वाटलं हे तर नाहीच नाही.

हीच कसोटी बाकीच्या साधनांना लावा. 'द इंडियन लिसनर' हे ऑल इंडिया रेडिओचं पाक्षिक. त्यात कार्यक्रम आधी छापले जात. म्हणजे त्यातून काय ठरलं होतं ते कळतं, प्रत्यक्षात काय झालं ते नाही. लायसन्सच्या आकड्यांवरून रेडिओ संच मोजता येतात, श्रोते नाही. एका संचाभोवती अख्खी चाळ बसलेली असू शकते.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना तीन प्रश्न वेगळे ठेवा: काय ठरलं होतं, काय प्रसारित झालं आणि लोकांनी काय ऐकलं? प्रत्येकापुढे आपल्याकडचं साधन लिहा. एखादी जागा रिकामी राहिली तर राहू द्या. तिथे अंदाज भरण्यापेक्षा प्रश्नच बदललेला बरा.

आणि शोधताना कुणाच्या घरी जुनी टेप सापडलीच, तर उत्साहात लगेच वाजवू नका. ओलाव्याने काही टेपांचा थर चिकट होतो आणि वाजवताना खरवडून निघतो. आधी डबीवरची अक्षरं, तारीख, नावं यांचा फोटो काढा, मग जाणकाराकडून डिजिटायझेशन करून घ्या. कोण बोलतंय, कुठल्या केंद्रावरून, कधी, हे माहीत नसेल तर ऑडिओ फाईल हातात असूनही तिचा पुरावा म्हणून उपयोग करणं अवघड जातं.

थोडक्यात, आवाज जपायचा तर त्याच्यासोबतचा कागदही जपायला हवा.