फी माफ झाली, संध्याकाळचं काय?

हुडकेश्वर नागपूर महापालिकेच्या हद्दीत आलं त्याला दशक उलटून गेलं. शेतं जाऊन लेआउट पडले. म्हाळगी नगराच्या पुढे दोन भाड्याच्या खोल्यांत राहणारी एक बाई डोळ्यापुढे आणा. तिशीची, बारावी सायन्स झालेली. मुलगा चौथीत. नवरा सोबत नाही, घरात कमावणारी ती एकटीच, दुकानात हिशेब लिहिते. लग्नामुळे सुटलेलं शिक्षण तिला पुन्हा धरायचं आहे, बी. फार्म. करायचं आहे. तिच्या वाट्याला सरकारकडून काय येतं?

येतं ते थोडं नाही. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आधी ही सवलत निम्मी होती. प्रवेश मात्र सरकारी कॅप फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेगळी आहे. हे सगळं महाडीबीटी पोर्टलवर भरायचं, आणि बँक खातं आधारशी जोडलेलं असल्याखेरीज पैसे जमा होत नाहीत.

पण या योजनांनी मनात धरलेली विद्यार्थिनी अठरा वर्षांची आहे, वडिलांच्या घरात राहते, आणि तिचं ताट कोणीतरी वाढून ठेवतं. आपली बाई त्या चित्रात नाही. उत्पन्नाचा दाखला ‘कुटुंबा’चा लागतो. वेगळ्या राहणाऱ्या बाईचं कुटुंब कोणतं, माहेरचं, सासरचं, की ती आणि तिचं पोर? विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडे कोर्टाचा निकाल. ज्या बाईचा नवरा नुसता निघून गेला, तिच्या हातात दाखवायला कागदच नसतो. ती एकटी आहे हे सगळ्या आळीला ठाऊक असतं, पण अर्जाला ठाऊक नसतं. अशा बाईने पोटगीचा दावा लावावा, असं मी आग्रहाने सांगेन. पूर्वीचं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं आहे. पोटगी हातात पडायला कितीही उशीर होवो, कोर्टाचा आदेश हा कागद तर होतो.

फी सुटली तरी घर चालायला हवं. बी. फार्म. पूर्णवेळ आहे, चार वर्षांचं. दुकानातलं काम सुटणारच. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, पोटगी न मिळणाऱ्या घटस्फोटिता आणि घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेल्या बायकाही बसतात. महिना १५०० रुपये. पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपयांची, म्हणजे महिन्याला १७५०. कुणाकडे धुणीभांडी करणारी बाईसुद्धा ही रेषा ओलांडते. लाडकी बहीण योजनेची मर्यादा अडीच लाखांची आहे, तीत परित्यक्ताही आहेत. रक्कम तीच, १५००.

सर्वांत कामाची आणि सर्वांत कमी माहीत असलेली योजना मुलाच्या नावाने आहे. क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा वडील एकटे असतील तर मुलासाठी महिना २२५० रुपये, वयाच्या अठरा वर्षांपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, गृहचौकशी होते, आदेश बालकल्याण समिती देते. एकट्या वडिलांनाही ती लागू आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण पुरुष या खिडकीकडे फिरकतच नाहीत.

म्हणजे बाईला मुलगी म्हणून काही मिळतं, निराधार म्हणून काही मिळतं, मुलाची आई म्हणून काही मिळतं. शिकणारी आई म्हणून, या एका नावाने, महाराष्ट्र सरकारची शिष्यवृत्ती नाही. राजस्थानात विधवा आणि परित्यक्ता बायकांची बी. एड.ची फी परत देणारी योजना आहे. अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये १९८४ साली सुरू झालेला एकल पालक शिष्यवृत्ती निधी तर गाडीचं पेट्रोल, घरभाडं, पाळणाघर यांसाठीही वापरू देतो. बाई कुठे अडते, हे तिथल्या लोकांनी बरोबर ओळखलं.

आपल्याकडेही ते एका बाईने ओळखलं होतं, कारण तिने ते भोगलं होतं. पंडिता रमाबाईंचे पती १८८२ साली वारले तेव्हा त्यांची लेक मनोरमा वर्षाचीही नव्हती. ‘स्त्रीधर्मनीती’ लिहून, त्याच्या विक्रीतून प्रवासखर्चाची सोय करत १८८३मध्ये त्या लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या सिस्टर्सनी त्यांना आसरा दिला, पोरीलाही सांभाळलं, म्हणून रमाबाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात जाऊ शकल्या. पुढे १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं ते नुसती शाळा म्हणून नव्हे. राहणं, जेवण आणि शिकणं एका छपराखाली होतं.

हुडकेश्वरच्या आपल्या बाईला असं छप्पर नाही. सकाळी मुलाचा डबा, मग ‘आपली बस’ धरून शहराच्या दुसऱ्या टोकाला कॉलेज. प्रॅक्टिकल लांबलं की मुलगा शेजारच्या काकूंकडे, आणि काकू गावाला गेल्या की प्रॅक्टिकल बुडालं. केंद्राच्या मिशन शक्तीखाली पाळणाघरांची ‘पालना’ योजना आहे आणि नोकरदार बायकांसाठी ‘सखी निवास’ आहे. पण चौथीतलं पोर पाळण्यातलं नाही. त्याला शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत बसायला जागा, पोटात काहीतरी आणि लक्ष ठेवणारं माणूस हवं. महापालिकेच्या शाळेतली एक खोली संध्याकाळी उघडी ठेवली, तर माझ्या मते फीमाफीइतकंच काम होईल.

पूर्णवेळ जमणारच नसेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची वाट आहे, कामावर राहून शिकता येतं. दहावी-बारावीच राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म.

आणि एक साधी गोष्ट. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. तो जूनमध्ये, प्रवेशांच्या गर्दीत काढायला जाऊ नका. मुलाची परीक्षा संपली की एप्रिलमध्येच सेतू केंद्रावर जा, ऊन चढायच्या आत, मुलाला सोबत घेऊन. त्याला शाळा नसेल आणि रांगही लहान असेल.