चापावरचं झाकण

फेब्रुवारी २००८ मध्ये प्लॅक्सिको बरेस हा फुटबॉलपटू न्यूयॉर्ककरांच्या गळ्यातला ताईत झाला. सुपर बोल हा अंतिम सामना संपायला ३५ सेकंद उरले असताना त्याने चेंडू झेलला आणि न्यूयॉर्क जायंट्सने त्या मोसमात एकही सामना न हरलेल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सना धूळ चारली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मॅनहॅटनमधल्या एका नाइटक्लबात त्याच्या ट्रॅकपँटमध्ये नुसतंच खोचलेलं, भरलेलं ग्लॉक पिस्तूल खाली सरकलं. सावरायला त्याने झटकन हात घातला आणि गोळी त्याच्याच उजव्या मांडीत शिरली. न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल बाळगायचा परवाना त्याच्याकडे नव्हता. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

पिस्तुलात काहीही बिघाड नव्हता. चाप ओढला गेला, गोळी सुटली. ते यंत्र बनलंय त्याचसाठी. तिथे नव्हतं ते होल्स्टर. पिस्तूल ठेवायची पिशवी एवढीच होल्स्टरची ओळख बहुतेकांना असते, आणि ती फारच अपुरी आहे. आजच्या पिस्तुलाच्या बाबतीत तर होल्स्टर हा शस्त्राच्या सुरक्षायंत्रणेचाच एक भाग आहे, फक्त तो वेगळा विकत मिळतो.

असं का, हे ग्लॉककडे बघून कळतं. ऑस्ट्रियातल्या गॅस्टन ग्लॉक यांचं पिस्तूल १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं आणि पुढे अमेरिकेतल्या असंख्य पोलिसांच्या कमरेला लागलं. त्याला बाहेरून अंगठ्याने लावायचा खटका नाही. तीन सुरक्षा आहेत, पण तिन्ही चापाशी जोडलेल्या. चापाच्या मधोमध एक छोटी पट्टी असते. ती दाबली गेल्याशिवाय चाप हलतच नाही. पिस्तूल जमिनीवर आपटलं तरी गोळी सुटू नये अशी आत तजवीज आहे. मात्र कुणीतरी चापावर साधारण अडीच किलोचा जोर दिला आणि चाप सव्वा सेंटिमीटर मागे आला, की तिन्ही सुरक्षा एकामागून एक बाजूला होतात. जोर देणारं बोट आहे, किल्ली आहे की शर्टाचं टोक, हे यंत्राला कळत नाही. म्हणून चापापर्यंत काहीही पोहोचू द्यायचं नाही, ही जबाबदारी बाहेरच्या कवचावर येऊन पडते.

हे कवच हल्ली बहुधा कायडेक्सचं असतं. कायडेक्स हे ॲक्रिलिक आणि पीव्हीसी यांच्या मिश्रणाचं प्लास्टिक. रोम अँड हास या अमेरिकन कंपनीने ते १९६० च्या दशकात बनवलं ते विमानांच्या आतल्या भागांसाठी. कठीण, चिवट, घामाने न बिघडणारं, आणि तापवलं की हवा तो आकार घेणारं. १९७० च्या दशकात बिल रॉजर्स या माजी एफबीआय एजंटाने त्याची होल्स्टरं करायला घेतली आणि विमानातलं प्लास्टिक माणसांच्या कमरेला आलं.

होल्स्टर घडतं ते बघण्यासारखं असतं. दोन मिलिमीटर जाडीचा ताठ पत्रा १६० ते १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला की मऊ पडून हातात लोंबू लागतो. कारागीर तो पिस्तुलाच्या घनाकृती नमुन्यावर पांघरतो. हा नमुना निळा किंवा लाल, चाप न हलणारा. पिस्तुलाच्या वरच्या अंगाला, नेम धरायच्या खुंटीच्या म्हणजे माशीच्या रेषेत एक लाकडी काडी चिकटवलेली असते, म्हणजे उपसताना माशी अडकायला नको. मग जाड फोमच्या दोन गाद्यांमध्ये सगळं दाबून धरायचं. काही मिनिटांत पत्रा थंड होतो आणि पुन्हा ताठ होतो. नमुना काढला की आतल्या बाजूला त्या पिस्तुलाची खोच न् खोच उमटलेली दिसते. सगळ्यात महत्त्वाचा खळगा चापाभोवतीच्या कडीपाशी. पिस्तूल आत सरकवलं की तिथला फुगवटा क्षणभर ताणला जातो आणि पेनाचं टोपण बसावं तसा टक्क करून जागेवर येतो.

त्या आवाजाचं मला फार अप्रूप वाटतं, कारण त्या एका ठिकाणी दोन परस्परविरोधी मागण्या भागवल्या जातात. पिस्तूल घट्ट धरून ठेवायचं, आणि मालकाने सरळ वर उपसलं की लगेच सोडायचं. बटण नाही, बंद नाही, स्प्रिंग नाही. प्लास्टिकची लवचिकता आणि घर्षण, बस. कडेला एक स्क्रू आणि त्याखाली रबराची चकती असते. स्क्रू पाव फेरा आवळला की पकड वाढते, सैल केला की कमी होते. गरम झालं की पुन्हा मऊ पडणं हा या प्लास्टिकचा स्वभाव मात्र कायमचा. ॲरिझोनासारख्या ठिकाणी उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेलं होल्स्टर आकार सोडू शकतं. तेव्हा ते टक्क पुन्हा ऐकल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नये.

पकड कमी पडली तर काय होतं, ते जून २०१८ मध्ये डेन्व्हरच्या एका नाइटक्लबात दिसलं. सुट्टीवर असलेला एफबीआयचा एजंट नाचता नाचता मागे कोलांटी मारायला गेला आणि कमरेचं पिस्तूल जमिनीवर पडलं. पडताना काही झालं नाही. घाईघाईने उचलताना गोळी सुटली आणि शेजारच्या माणसाच्या पायाला लागली. निसटलेलं पिस्तूल पकडायला माणसाचा हात आपोआप झेपावतो आणि त्या झेपेत बोट नेमकं चापावर पडतं. बरेसचं तेच झालं होतं. म्हणून पकड हा होल्स्टरचा दुय्यम गुण मानता येत नाही. गणवेशातल्या पोलिसाला तर आणखी एक धोका, झटापटीत कुणी पिस्तूल हिसकावण्याचा. त्यासाठी रॉजर्स यांनी होल्स्टरांच्या पायऱ्या ठरवल्या: पहिली, दुसरी, तिसरी. प्रत्येक पायरीला एक कुलूप जास्त, जे मालकाच्या अंगठ्याला सरावाने सहज उघडता येतं आणि समोरच्याला उघडत नाही. कपड्यांखाली झाकून नेणाऱ्या साध्या नागरिकाला घर्षणाची पकड बहुधा पुरते, कारण पिस्तूल तिथे आहे हेच कुणाला दिसत नाही.

कायडेक्सच्या आधी राज्य होतं चामड्याचं, आणि ते अजून संपलेलं नाही. झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं, तीनेक मिलिमीटर जाडीचं चामडं भिजवून पिस्तुलावर चढवायचं, गुळगुळीत हाडाच्या किंवा लाकडाच्या काठीने कडा दाबत आकार उठवायचा आणि वाळू द्यायचं. चामडं अंगाला सोसतं, हळूहळू कमरेचा बाक घेतं. त्याचा दोषही तिथेच, ते कधी ना कधी मऊ पडतं. जुनं होऊन तोंडाशी दुमडलेल्या चामड्याची घडी पिस्तूल आत ढकलताना चापाच्या कडीत शिरते आणि बोटाचं काम करते. असे अपघात झालेले आहेत. ब्रूस नेल्सन या कॅलिफोर्नियातल्या साध्या वेशात काम करणाऱ्या अधिकाऱ्याने यावर छान तोड काढली. त्याच्या ‘समर स्पेशल’ या होल्स्टरच्या तोंडाशी मजबुतीची ताठ पट्टी होती. पिस्तूल बाहेर असतानाही तोंड उघडं राही आणि एका हाताने ते परत ठेवता येई. आज कुठलंही चामड्याचं होल्स्टर घेताना पहिल्यांदा बघावी ती हीच पट्टी.

आता सोयीकडे वळू. इथे आपल्या भूमीशी नातं असलेला एक माणूस भेटतो. सॅम्युअल ब्राऊन, जन्म १८२४, गाव बराकपूर. पंजाबच्या घोडदळातल्या या अधिकाऱ्याचा डावा हात ३१ ऑगस्ट १८५८ रोजी रोहिलखंडातल्या लढाईत तलवारीच्या घावाने गेला. त्या दिवसाच्या पराक्रमासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण पुढे रोजचा प्रश्न उरला. तलवारीचं म्यान सावरायला डावा हातच नाही. त्याने कमरेच्या रुंद चामडी पट्ट्याला उजव्या खांद्यावरून जाणारी एक तिरकी वादी जोडली. म्यान जागेवर राहिलं, त्याच पट्ट्यावर पिस्तुलाचं होल्स्टर बसलं, आणि वजन खांद्याने वाटून घेतलं. हा ‘सॅम ब्राऊन’ पट्टा पुढे जगभरच्या सैन्यांत आणि पोलिसांत पसरला. आपल्याकडच्या पोलीस अधिकाऱ्यांच्या संचलनाच्या गणवेशावर तो तुम्ही पाहिला असेल.

ब्राऊनला उमगलेली गोष्ट दीडशेहून अधिक वर्षांनी तशीच खरी आहे: ओझं होल्स्टर उचलत नाही, पट्टा उचलतो. भरलेलं ग्लॉक १९ पाऊण किलोहून जड असतं. मऊ पट्ट्यावर ते लोंबकळतं, मूठ बाहेर झुकते, माणूस दिवसभर पँट वर ओढत राहतो आणि दोष होल्स्टरला देतो. आडवा वाकतो पण उभा पिळला जात नाही असा पट्टा घेतला, तर यातल्या निम्म्या तक्रारी मिटतात. माझं स्पष्ट मत आहे की पैसे मोजके असतील तर ते पिस्तुलाच्या आरशासारख्या चकाकीवर घालवण्यापेक्षा पट्ट्यावर घालावेत.

कमरेवर जागा कोणती, हे अमेरिकेत घड्याळाच्या भाषेत सांगतात. बेंबी म्हणजे बारा वाजता, उजवी कड म्हणजे तीन. तीन ते चारच्या दरम्यान, पँटच्या आत, जरा पुढे झुकवून ठेवणं ही जुनी पद्धत. हल्ली बारा-एकच्या दरम्यान, पोटापाशी ठेवणाऱ्यांची संख्या वाढली आहे. हात तिथे पटकन पोहोचतो, पण नळीचा रोख ज्या दिशेला असतो तिथे मांडीची मोठी रक्तवाहिनी आहे. त्या जागी हलगर्जीपणाला अजिबात वाव नाही.

आणि लपवायचं काय असतं? नळी लपवणं अवघड असेल असं वाटतं. प्रत्यक्षात नळी पँटच्या आत आपोआप झाकली जाते. शर्टातून उठून दिसते ती मूठ. ती आत वळवायला दोन साध्या युक्त्या आहेत, आणि दोन्ही शाळेतल्या तरफेच्या धड्यातल्या. होल्स्टरच्या खालच्या टोकामागे फोमची पाचर लावली की टोक अंगापासून दूर जातं, पट्टा टेकू बनतो आणि वरची मूठ पोटाकडे झुकते. दुसरी युक्ती म्हणजे चापाच्या बाजूला बसवलेला प्लास्टिकचा पंख. पट्टा बाहेरून त्या पंखाला दाबतो आणि मूठ फिरून अंगाला लागते. याच तरफेमुळे थोडी लांब नळी आखूड नळीपेक्षा काही जणांना जास्त सोयीची ठरते, कारण पट्ट्याखाली लांबी जास्त असली की वरचा भाग बाहेर कलंडत नाही. मला ही गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते. लपवण्यासाठी शस्त्र लहान करण्याची गरजच नाही, टेकू नेमका हवा.

शरीर मात्र प्रत्येकाचं वेगळं. कमरेच्या हाडाजवळून मांडीच्या बाहेरच्या बाजूला जाणारा एक मज्जातंतू घट्ट पट्ट्याखाली दबला की मांडीला मुंग्या येतात, आग होते. डॉक्टरांच्या भाषेत मेराल्जिया पॅरेस्थेटिका. असं झालं तर सहन करत बसू नये. जागा बदलावी, पट्टा सैल करावा. अमेरिकेत दिवसाचा मोठा भाग गाडीच्या सीटवर जातो, त्यामुळे दुकानात आरशासमोर उभं राहून केलेली निवड घरी जाताना पहिल्याच सिग्नलला चुकीची ठरू शकते. बसून, वाकून, बुटांचे बंद बांधून बघा. टोचणारं होल्स्टर माणूस आठवड्याभरात कपाटात टाकतो आणि पिस्तूल नुसतंच खिशात घालू लागतो. तिथून बरेसची गोष्ट फार लांब नाही.

टेक्साससारख्या राज्यात पिस्तूल उघड दिसेल असं नेणाऱ्याला ते होल्स्टरमध्येच ठेवण्याचं बंधन कायद्यानेच घातलं आहे. २०२१ पासून तिथे बहुतेक प्रौढांना परवान्याशिवाय पिस्तूल नेता येतं, पण होल्स्टरची अट राहिली. ह्यूस्टन-डॅलसकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही हा विषय निघतो. त्यांच्यातल्या ज्यांनी विचारपूर्वक पिस्तूल घ्यायचं ठरवलंच आहे, त्यांना माझं सांगणं असं. कोणत्याही पिस्तुलाला चालणारी मऊ नायलॉनची पिशवी घेऊ नका. तुमच्याच मॉडेलसाठी साच्यात घडवलेलं ताठ होल्स्टर घ्या. पिस्तूल रिकामं करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, मग ते होल्स्टरमध्ये बसवून गादीवर उलटं हलवा. पडता कामा नये. बाहेरून चापावर बोट दाबून बघा. चापापर्यंत काही पोहोचता कामा नये. परत ठेवताना शर्टाचं टोक आणि जॅकेटची नाडी आधी बाजूला करा, नजर होल्स्टरच्या तोंडावर ठेवा, घाई करू नका. उपसायला वेग लागत असेल, परत ठेवायला कधीच लागत नाही. सवय होईपर्यंत हे सगळं रिकाम्या पिस्तुलाने करा. आणि रात्री कमरेचं ओझं उतरवताना पिस्तूल होल्स्टरमधून उपसू नका. होल्स्टरसकट काढा आणि होल्स्टरसकटच कुलपाच्या पेटीत ठेवा, कारण होल्स्टर चाप झाकतं, पण घरातल्या लहान मुलाला ते उपसण्यापासून अडवू शकत नाही. ते काम कुलपाचं आहे.