एका 'स'ची थकबाकी

मराठी क्रियापद मोठे हिशेबी आहे; 'जातेस' एवढाच शब्द कानी पडला तरी जाणारी व्यक्ती समोरच उभी आहे, एकटी आहे, स्त्री आहे आणि आपल्या अगंतुगंतली आहे, असे चार दाखले एकदम रुजू होतात. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ पोरखेळ वाटावा, कारण तेथे 'आय', 'यू', 'वुई', 'दे' या साऱ्यांना एकच 'गो' पुरतो, लिंगाचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि केवळ तृतीयपुरुषी एकवचनापुढे 'गोज' म्हणावे लागते. तरीही इंग्रजीत खलिते खरडण्यात हयात घालवलेल्या कारकुनाच्या तोंडूनही 'ही गो' निसटतेच. त्याचे कारण, मला वाटते, नियमाच्या काठिण्यात नसून त्याच्या एकाकीपणात आहे: पाच शेतांना माफी असली की सहाव्याचा सारा भरायचा राहून जातो. उलट अतिदक्ष विद्यार्थी 'डझ ही गोज' असे विचारून तोच सारा दोनदा भरतो. वास्तविक 'डझ'ने भरणा केला की 'गो' मोकळा.

'गोज'च्या शेपटीचा हा 'स' (इंग्रजी 'एस') मूळचा इंग्लंडच्या उत्तरेकडचा. 10व्या शतकात लिंडिसफार्नच्या शुभवर्तमानांच्या लॅटिन ओळींमध्ये जे नॉर्थंब्रियन भाषांतर लिहिले गेले, त्यात तो आढळतो. दक्षिणेत मात्र 'एथ'चा अंमल होता, 1611 च्या बायबलातही 'गोएथ'च आहे, शेक्सपिअर दोन्ही रूपे निःसंकोच वापरतो, आणि पुढे 17व्या शतकात 'एथ' बरखास्त झाला तरी 'हॅथ' आणि 'डथ' ही जुनी बिऱ्हाडे लवकर हलली नाहीत.

परंतु प्रत्ययाची चूक क्षम्य. खरी फसगत साधा आणि चालू वर्तमानकाळ यांच्या निवडीत होते. जो गृहस्थ मराठीत 'मी त्यांना ओळखत आहे' असे स्वप्नातही म्हणणार नाही, तोच इंग्रजीत 'आय ॲम नोइंग हिम' असे बेधडक लिहितो. आपल्याच कानाची साक्ष काढली असती तरी तो वाचला असता. मात्र कान नेहमीच वाचवील असे नाही. 'काय करतोस?' या आपल्या प्रश्नात पोटापाण्याचा धंदा आणि हातातले काम दोन्ही मावतात; इंग्रजीत पहिल्यासाठी 'व्हॉट डू यू डू' आणि दुसऱ्यासाठी 'व्हॉट आर यू डुइंग' असे दोन स्वतंत्र अर्ज करावे लागतात. आणि निरोपाच्या 'येतो'चे काय करावे? उंबऱ्याशी उभे राहून 'आय कम' म्हणा किंवा 'आय ॲम कमिंग' म्हणा, साहेब गोंधळून दार अधिकच उघडील. निघालेल्या माणसाला साहेबाच्या भाषेत 'आय ॲम गोइंग' असे अभद्रच बोलावे लागते.