गृहोपचार, क्षयरोगावरील

क्षयरोग्यास रुग्णालयात वा आरोग्यधामात न ठेवता, घरीच राहू देऊन केल्या जाणाऱ्या औषधी चिकित्सेस क्षयरोगावरील गृहोपचार म्हणतात. मद्रास (सध्याचे चेन्नई) येथील संशोधनामुळे या पद्धतीस शास्त्रीय आधार लाभला व अनेक देशांच्या क्षयरोगनियंत्रण धोरणाची दिशा बदलली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विश्रांती, मोकळी हवा व सकस आहार हीच या रोगावरील चिकित्सेची मुख्य साधने होती. रोग्यास कुटुंबापासून दूर ठेवल्याने संसर्गही टळतो, असे मानले जाई. स्ट्रेप्टोमायसीन, पॅरा-ॲमिनो सॅलिसिलिक अम्ल (पास) आणि १९५२ पासून आयसोनियाझिड ही परिणामकारक औषधे वापरात आली, तरी आरोग्यधामाचे महत्त्व कायम राहिले. भारतात मात्र रोगी लक्षावधी आणि खाटा काही हजार, अशी स्थिती होती. घरी औषधे दिल्यास रोगी बरा होईल काय व घरातील इतरांना अधिक धोका पोहोचेल काय, हे दोन प्रश्न त्यामुळे निकडीचे ठरले.

मद्रास येथील अध्ययन : भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास शासन, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनचे मेडिकल रिसर्च कौन्सिल यांच्या सहकार्याने १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोग रसायनचिकित्सा केंद्र स्थापन झाले. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली शहरातील गरीब रोग्यांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटावर घरी व दुसऱ्यावर आरोग्यधामात उपचार झाले. दोन्ही गटांना वर्षभर आयसोनियाझिड व पास हीच औषधे देण्यात आली. घरच्या गटातील रोग्यांचा आहार निकृष्ट होता, त्यांना विश्रांतीही कमी मिळे आणि त्यांची घरे दाटीवाटीची होती. असे असूनही १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील बहुसंख्य रोग्यांच्या थुंकीतून क्षयजंतू नाहीसे झाले होते. कुटुंबीयांचे पाच वर्षे निरीक्षण केल्यावर, रोगी घरी राहिल्यामुळे त्यांच्यातील रोगाचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले नाही. संसर्ग मुख्यत्वे निदानापूर्वीच होतो आणि औषध सुरू होताच रोग्याची संसर्गक्षमता झपाट्याने घटते, हे याचे स्पष्टीकरण होय.

मर्यादा : उपचारांचे यश औषधे नियमित घेण्यावर अवलंबून असते. बरे वाटू लागताच रोगी औषध सोडतो. त्यामुळे रोग उलटतो व जंतू औषधांना दाद देईनासे होतात. यासाठी केंद्राचे कर्मचारी पूर्वसूचना न देता घरी जाऊन गोळ्या मोजत व मूत्रपरीक्षा करीत. औषध कर्मचाऱ्याच्या समक्ष घेण्याची पद्धत याच अनुभवातून विकसित झाली. १९६२ मध्ये सुरू झालेला भारताचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम गृहोपचारांवरच आधारलेला होता.

आहाराविषयीचा निष्कर्ष मात्र मर्यादित अर्थानेच घ्यावयास हवा. योग्य औषधे मिळाल्यास निकृष्ट आहार असतानाही रोगी बरा होऊ शकतो, एवढेच मद्रास येथे दिसले. कुपोषण निरुपद्रवी आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. झारखंडमध्ये रोग्यांच्या कुटुंबीयांना पूरक शिधा दिल्याने त्यांच्यात नव्याने रोग उद्‌भवण्याचे प्रमाण सु. ४० टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. म्हणून गृहोपचारांत औषधांइतकेच लक्ष घरातील अन्नाकडेही देणे आवश्यक ठरते.